ओसाड स्थानके : बार्शी लाइटच्या जुन्या वाटेवर

ओसाड गढी, ओसाड देऊळ, ओसाड पाणवठा ह्यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ओसाड रेल्वे-स्थानकावर कोणी लिहिल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही. मलाही ते सुचले नसते. परंतु गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा लंडनहून घरी आला आणि भाऊबीजेच्या फराळानंतर सर्व मंडळी ओसरीवर बसली असता त्याने तेथील भुयारी रेल्वेची हकीकत सांगितली. त्या शहराच्या पोटातून धावणाऱ्या गाड्यांच्या मार्गावर कित्येक स्थानके अशी आहेत की, तेथे आता गाडी थांबत नाही. डाउन स्ट्रीट नावाचे स्थानक १९०७ साली उघडले आणि पुरेसे उतारू मिळेनात म्हणून १९३२ साली बंद झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात तेथेच रेल्वेच्या कारभाराचे कार्यालय थाटण्यात आले, आणि बाँबवर्षावाच्या दिवसांत खुद्द चर्चिलसाहेब तेथे आश्रयास येऊन राहिले. ऑल्डविच हे त्याच सालचे दुसरे स्थानक. युद्धकाळी त्याच्या बोगद्यात ब्रिटिश म्युझियममधील मौल्यवान शिल्पे सुरक्षित ठेवली होती. ते १९९४ मध्ये कायमचे बंद झाले. आता तेथील वाहतूक-संग्रहालय तिकीट लावून लोकांना ही बंद स्थानके दाखवावयास नेते, आणि लोक हौसेने जातात.

"बंद पडलेलं स्टेशन बघायला पैसे मोजतात?" असे आमच्या सौभाग्यवतींनी आश्चर्याने विचारले. तेव्हा कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या आमच्या आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या, "मग आपलं रामलिंग काय वाईट आहे? तिथं तर फुकटच आहे."

मंडळी हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण आत्याबाईंच्या बोलण्यात थट्टा नव्हती हे मला ठाऊक होते. त्यांचे वय आज चौऱ्याऐंशी आहे. रामलिंगाचे थांबे हे त्यांच्या आयुष्यातील सासर आणि माहेर ह्यांच्यामधले दार होते, आणि ते दार कोणी लावून घेतले हे त्यांना आजवर नीटसे उमजलेले नाही.

आमच्या जिल्ह्यातून जी लहान गाडी धावत असे तिचे नाव बार्शी लाइट रेल्वे. तरुण वाचकांनी ती पाहिलेली नसणार, म्हणून तिचा पूर्ववृत्तान्त थोडक्यात सांगणे अवश्य आहे. हिचा जनक एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनियर. तो आरंभी जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत होता. मुंबईहून सोलापुरास जाणारा मोठा लोहमार्ग बार्शीला वीस-बावीस मैल बाजूस टाकून कुर्डुवाडीवरून गेलेला; म्हणून कुर्डुवाडीच्या स्थानकालाच त्या काळी बार्शी रोड म्हणत. बार्शी म्हणजे कापसाची आणि धान्याची नामांकित पेठ. तेथला माल बैलगाड्यांनी आगगाडीपर्यंत न्यावयाचा, आणि आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात बैलगाडीची काय दशा होते ते शेतीवाडी असलेल्या वाचकांना सांगावयास नको. कॅल्थ्रॉपने ही अडचण हेरली, १८९५ मध्ये लंडनला कंपनी उभारली, आणि १८९७ मध्ये बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी सुरू केली. आपल्या नेहमीच्या मोठ्या मार्गाची रुंदी साडेपाच फूट असते. म्हणजे ही त्याच्या निम्म्याहूनही कमी.

कॅल्थ्रॉपची कल्पना घरगुती दाखल्याने चटकन ध्यानात येते. पाण्याने भरलेला मोठा हंडा एकटीने कडेवर घेतला तर कंबर मोडते. दोघींनी दोन कड्या धरल्या तर कोणालाच जड जात नाही. हलक्या रुळावरून मालही हलकाच गेला पाहिजे हा समज त्याने खोटा ठरवला. इंजिन असो की डबा असो, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक ओझे पडू द्यावयाचे नाही, आणि ते सर्व आसांवर सारखे वाटून टाकावयाचे, हा त्याचा नियम. त्यामुळे यार्डामागे तीस पौंड वजनाचा बारीक रूळ पुरेसा झाला आणि खर्च पुष्कळ वाचला. पहिली इंजिने लीड्स येथील किटसन कंपनीने बांधली. त्यांना आठ चाके एकमेकांस जोडलेली असत. ही सामग्री इकडे पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग घालून तिची जाहीर परीक्षा घेण्यात आली. हलक्या रेल्वेच्या इतिहासात बार्शीचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते ते ह्याच कारणाने. आणखी एक गंमत अशी की, ह्याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी टाकण्याची छत्री शोधून काढली आणि तिचे नाव 'गार्डियन एंजल' म्हणजे रक्षक देवदूत असे ठेवले. जमिनीवर हळूहळू चालणारी गाडी करणारा मनुष्य आकाशातून हळूहळू खाली उतरवणारे साधन करतो, ह्यात एक प्रकारची संगती आहे.

बार्शीला आलेली गाडी तेथेच थांबली नाही. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपुरास फाटा गेला, १९११ मध्ये पूर्वेस लातुरापर्यंत मार्ग पोचला, आणि १९२७ मध्ये पश्चिमेस मिरज गाठली. एकंदर २०२ मैल. कॅल्थ्रॉप त्याच १९२७ साली वारला. हिंदुस्थान सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली ती स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये. लोकांच्या तोंडी मात्र ती शेवटपर्यंत 'बार्शी लाइट'च राहिली.

बार्शीच्या पुढे मार्ग बालाघाटाच्या डोंगरात शिरे. येथपासून आमच्या जिल्ह्याची हद्द, आणि १९४८ पर्यंत निजामाचे राज्य. बार्शी इंग्रजी मुलखात, येडशी मोगलाईत. मधल्या काही मैलांत नाणे बदले, करोडगिरीचे लोक गाठोडी सोडून पाहत, आणि कचेरीची भाषाही बदले. रझाकारांच्या धुमाकुळात माझी आजी तान्ह्या मुलास पदराखाली घेऊन रात्रीच्या बैलगाडीने बार्शीस गेली होती. "बार्शीचा दिवा दिसला तेव्हा मूल रडलं तरी चालेल असं वाटलं," हे तिचे वाक्य आमच्या घरात अजून सांगितले जाते.

पांगरी ओलांडली की रामलिंग, मग येडशी, कळंब रोड, ढोकी, आणि पुढे मुरूड, लातूर. ह्या नावांतून जिल्ह्याचा अर्धा इतिहास वाचता येतो. कळंब रोड हे खरे पाहता कसबे तडवळ्याचे स्थानक. त्याच तडवळ्यात १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिला डॉ. आंबेडकर स्वतः आले होते. ढोकीच्या जवळ तेर, गोरोबाकाकांचे गाव, आणि त्याहूनही फार पूर्वीचे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाची मोठी पेठ असून तेथून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाते, असे नमूद आहे. कोकणचे शिलाहार राजे शेकडो वर्षांनंतरही स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. म्हणजे ह्या मुलखात मालवाहतुकीची वाट ओसाड पडणे हा प्रकार काही नवा नव्हे. तगराची ती वाट नेमकी कोठून जात होती हे विद्वान आजही ताडून पाहत आहेत, कारण ज्यांच्या बैलांनी ती तुडवली त्यांनी ती लिहून ठेवली नाही.

पण मी लिहीत होतो आत्याबाईंविषयी.

आत्याबाईंचे लग्न एकोणीसशे अठ्ठावन्न साली झाले. सासर रामलिंगापासून दोन कोसांवर, डोंगराच्या कडेचे खेडे. माहेर आमचे धाराशिव. आता चमत्कार पाहा. धाराशिव हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे, परंतु बार्शी लाइटचा मार्ग त्याला बाजूस टाकून येडशीवरून ढोकीकडे वळलेला. कचेऱ्या, न्यायालय, शाळा सर्व काही असलेल्या गावाला स्थानक नाही, आणि माकडांखेरीज ज्या ठिकाणी दिवसभर दुसरे कोणी फिरकत नाही त्या रामलिंगाला गाडी थांबे! लहानपणी आम्हा मुलांना ह्याचा फार राग येत असे. आत्याबाईंना मात्र तो कधीच आला नाही. सासरहून बैलगाडीने अगर पायी रामलिंग, तेथून लहान गाडीने येडशी, आणि येडशीहून धाराशिवला मोटारीने, असा त्यांचा क्रम असे. गौरी-गणपती आणि दिवाळी ह्या दोन खेपा चुकत नसत. श्रावणात वडिलांच्या हातून सत्यनारायण असला तर तिसरी.

येडशीला त्यांना उतरवून घेण्याचे काम माझ्याकडे होते. गाडीच्या आधी घाटात धूर दिसे, मग शिट्टी ऐकू येई, आणि त्यानंतरही गाडी येण्यास इतका वेळ लागे की, फलाटावर सीताफळे विकणाऱ्या बायका टोपली भरून पुन्हा नीट रचीत. वळणे घेत चालणे हा अरुंद मार्गाचा मोठा गुण. डोंगराला न फोडता त्याच्या अंगाखांद्यावरून तो जातो, परंतु त्याची किंमत वेळाने मोजावी लागते. चालत्या गाडीतून उतरून बोरे वेचावीत आणि मागच्या डब्यात चढावे, ही थट्टा त्या काळी सर्वांच्या तोंडी होती. मी स्वतः तसे कधी केले नाही. माझ्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांनी केले होते, आणि त्याबद्दल त्यांना मी छड्या दिल्या होत्या. आषाढीत तर ह्या गाडीचे रूपच पालटे. पंढरपुरास एकादशी करून द्वादशीचे पारणे बार्शीच्या भगवंताच्या दारी सोडावे, अशी श्रद्धा आहे. अंबरीष राजाची कथा तेथलीच मानतात. त्या दोन दिवसांत डब्यांच्या टपावरही माणसे बसलेली मी पाहिली आहेत.

एकदा असे झाले की, आत्याबाई दिवाळीसाठी निघाल्या आणि संध्याकाळची गाडी घाटाखालीच कोठेतरी नादुरुस्त होऊन पडली. हे मोबाइलचे दिवस नव्हेत. येडशीला मी रात्री नऊपर्यंत थांबलो आणि आज आत्या निघाल्याच नसतील असे समजून शेवटच्या मोटारीने परत आलो. आत्याबाई मात्र रामलिंगाच्या थांब्यावर पत्र्याच्या ट्रंकेवर बसून होत्या. त्या वेळी नुकतेच वैधव्य आलेले, सोवळ्याओवळ्याचा कडक आचार, बरोबर कोणी नाही, भोवती जंगल. थांब्याजवळच रुळांची निगा राखणाऱ्या गँगमनची झोपडी होती. त्याची बायको कंदील घेऊन आली. तिने जेवावयास चला म्हटले. ह्या नको म्हणाल्या. तिने कारण विचारले नाही. थोड्या वेळाने आपल्या शेळीचे दूध स्वच्छ घासलेल्या तांब्यात घेऊन आली, तांब्या ह्यांच्यापासून दोन हात अंतरावर ठेवला, आणि स्वतः रात्रभर कंदील घेऊन तेथेच बसली. पहाटे मालगाडीच्या गार्डने आत्याबाईंना येडशीपर्यंत आणून सोडले.

आत्याबाईंनी ही हकीकत आम्हाला सांगितली ती अगदी कोरडेपणाने. फक्त शेवटी म्हणाल्या, "तिनं तांब्या लांब ठेवला, ते माझ्यासाठी ठेवला. माझी मला लाज वाटली." त्यानंतर दर दिवाळीस परत जाताना त्यांच्या ट्रंकेत एक लुगडे जास्त असे. ते रामलिंगाला उतरताच त्या बाईच्या हातात जाई, आणि उलट आत्याबाईंच्या पिशवीत हुरडा, बोरे, कधी जंगलातला मध येई. हळूहळू त्या झोपडीच्या दाराशी बसून पाणी पिण्यापर्यंत आमच्या आत्याबाईंची मजल गेली. घरात कोणी त्याविषयी बोलले नाही. माझ्या वडिलांनाही ते ठाऊक होते असे मला वाटते.

पुढे अरुंद मार्ग काढून रुंद मार्ग घालण्याचे ठरले. ते योग्यच झाले, हे मी आरंभीच सांगून टाकतो. जुन्या गोष्टीचे कौतुक करताना नव्याची निंदा करण्याची खोड आम्हा पेन्शनरांना असते, ती मला येथे नको आहे. कुर्डुवाडीला प्रत्येक पोते लहान गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवावे लागे. त्यात हमालांना मजुरी मिळे हे खरे, परंतु माल सडे, वेळ जाई. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहर पाण्यावाचून तडफडत असता मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. ती मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी अशी जवळजवळ कॅल्थ्रॉपच्याच वाटेने आली. अडीच फुटी रुळांवरून ते काम त्या मानाने झालेच नसते. 

आणि नव्या मार्गाने आमच्या गावाची जुनी तक्रारही दूर झाली. रुंद गाडीला घाटातली ती आखूड वळणे सोसत नाहीत, म्हणून ठिकठिकाणी आखणी बदलावी लागली. त्याचबरोबर मार्ग येडशीवरून मुद्दाम वळवून धाराशिवला आणण्यात आला आणि तेथून पुन्हा कळंब रोड-ढोकीकडे नेण्यात आला. २००७ मध्ये लातूर ते धाराशिव आणि २००८ मध्ये धाराशिव ते कुर्डुवाडी गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी सारे गाव स्थानकावर लोटले होते. मीही गेलो होतो. ज्या गावाने शंभर वर्षे दुसऱ्यांच्या गाडीचा धूर लांबून पाहिला, त्याला आपल्या स्थानकाची पाटी वाचताना काय वाटले असेल ते शब्दांत सांगता येत नाही. आता तुळजापूरवरून सोलापुरास जाणारा आणखी एक मार्ग हाती घेण्यात आला आहे. भवानीच्या दारात आगगाडी जाईल.

ह्या सगळ्यात रामलिंग गळले. नव्या आखणीत ते राहिले नाही. आमच्या गावाला गाडी नव्हती तेव्हा आत्याबाई गाडीने माहेरी येत. आमच्या गावाला गाडी आली, तेव्हा त्यांचे गाडीने येणे संपले. त्यांच्या सासरच्या खेड्याहून आता हमरस्त्यापर्यंत जावयाचे, तेथे मोटार थांबली तर बसावयाचे, नाही तर परत फिरावयाचे. सत्तरीच्या घरात पोचलेल्या एकट्या बाईने ते किती दिवस करावे? जुने रूळ उखडल्यानंतर दोन दिवाळ्या त्या आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवाळीला आम्ही भावंडे जाऊन त्यांना कायमचे घेऊन आलो. घराला कुलूप लावताना त्यांनी एकच विचारले: "त्या गँगमनच्या बिऱ्हाडाचं काय झालं रे?" आम्हाला कोणालाच सांगता आले नाही. रूळ गेल्यावर त्यांवर काम करणारी माणसे कोठे गेली, हे विचारण्याचे आम्हाला कधी सुचलेच नव्हते.

म्हणून भाऊबीजेच्या त्या बोलण्यानंतर, पुतण्याची रजा संपण्यापूर्वी, मार्गशीर्षातील एका सकाळी आम्ही आत्याबाईंना घेऊन रामलिंगास गेलो. मोटारीने तासाभराच्या आतला रस्ता. देवस्थान दरीत आहे. जटायू रावणाशी झुंजून पडला तो येथेच, अशी स्थलकथा आहे. वाल्मीकींच्या अरण्यकांडावरून पाहता पंचवटीपासून हे ठिकाण फार दूर पडते, परंतु देवळाच्या पायरीवर बसून असला वाद घालू नये एवढे मला कळते. पावसाळ्यातला धबधबा आटून बारीक धार झाली होती. भोवतीच्या सुमारे बावीस चौरस किलोमीटर रानाला १९९७ पासून अभयारण्य म्हणून संरक्षण आहे. त्यामुळे झाडी टिकून आहे आणि माकडांचा निर्भयपणाही.

दर्शन झाल्यावर जुनी वाट शोधली. रूळ केव्हाच उचलून नेलेले. परंतु ज्याने ती गाडी पाहिली आहे त्याला वाट सापडण्यास अडचण पडत नाही. डोंगराच्या कडेने एकसारख्या उताराने जाणारा भराव नैसर्गिक असूच शकत नाही. निसर्गाला इतके समान चालणे जमत नाही. खडी अजून पायाखाली लागते. मधूनमधून मोरीचे घडीव दगड दिसतात. एके ठिकाणी काळा खडक दोन्ही बाजूंनी सरळ कापलेला आहे, त्याला लागून उभे राहिले तर गाडीची रुंदी किती लहान होती हे हात पसरून मोजता येते. पुतण्याने मोजलेही. लंडनची बंद स्थानके पाहून आलेला तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, तिथं आम्हाला डोक्यावर टोप घालून नेलं होतं, आणि प्रत्येक खोलीची माहिती सांगणारा माणूस होता. इथं तुम्ही नसता तर मला हा साधा बांध वाटला असता."

त्याचे म्हणणे मला लागले. कॅल्थ्रॉपनेच इंग्लंडात स्टॅफर्डशायर परगण्यात लीक आणि मॅनिफोल्ड नावाची ह्याच रुंदीची एक रेल्वे बांधली होती. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि तोट्यामुळे १९३४ मध्ये बंद पडली. म्हणजे आमच्या रेल्वेच्या मानाने अगदीच अल्पायुषी. परंतु तेथील लोकांनी रूळ काढून त्या जागेची पाऊलवाट केली, आणि १९३७ पासून आजपर्यंत लोक त्या दरीतून पायी फिरत आहेत. नव्वद वर्षे होत आली. आमची रेल्वे तिच्या तिप्पट काळ चालली. तिच्या वाट्याला बाभळी आल्या. लातूर शहरात जुन्या मार्गाच्या जागी रस्ता झाला आहे, आणि लोक पत्ता सांगताना आजही 'जुनी रेल्वे लाइन' असेच सांगतात. वाटेची वाट राहिली म्हणून नावही राहिले. जेथे तिचे शेत झाले तेथे दोन नांगरटींत खूणही उरणार नाही. रामलिंगाची जागा रानात असल्यामुळे अजून वाचली आहे. ह्याविषयी दोन वर्षांपूर्वी मी एका कचेरीत अर्ज दिला होता: वाट मोजून नकाशावर नोंदवावी, मोऱ्यांना क्रमांक घालावेत, आणि थांब्याच्या जागी नावाची एक पाटी लावावी. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. शाळामास्तराला उत्तरपत्रिकेची वाट पाहण्याची सवय असते. मी दुसरा अर्ज लिहिला आहे.

आत्याबाई ह्या वेळात भरावाच्या कडेला चादर पसरून बसल्या होत्या. एक म्हातारा धनगर शेळ्या घेऊन चालला होता, त्याला त्यांनी हाक मारली आणि इकडे पूर्वी राहणाऱ्या गँगमनच्या घराची चौकशी केली. त्याला ते बिऱ्हाड आठवत होते. नवरा बदली होऊन कुर्डुवाडीकडे गेला असे तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, की दौंडही असेल. बाईविषयी त्याला काही सांगता आले नाही. झोपडी कोठे होती ती जागा मात्र त्याने काठीने दाखवली. तेथे तीन चुलीचे दगड होते, आणि ते त्याच चुलीचे असतील असे आम्ही कोणी म्हटले नाही.

निघताना मी आत्याबाईंची पिशवी उचलली तेव्हा ती जड लागली. आत हिरवे लुगडे होते, घडी न मोडलेले, जुन्या दुकानाच्या कागदात बांधलेले. ज्या दिवाळीला पहिल्यांदा गाडी नव्हती त्या वर्षी घेऊन ठेवलेले, असे त्यांनी सांगितले. मी विचारले, इथल्याच एखाद्या गरजू बाईला देऊन टाकू या का?

"नको," त्या म्हणाल्या. "कुर्डुवाडीला गाडी जाते ना आता आपल्या गावाहून? मग चैत्रात, पोरांच्या परीक्षा झाल्या की, मला घेऊन चल. तिथं रेल्वेची वस्ती आहे. विचारून बघू."